केंब्रिजची पंगत

आधी कॉलेज ठरवा. बोट, ट्रंका, गरम कपडे सगळं नंतर.

१८९६ सालचा पावसाळा आहे. तुम्ही पुण्यात, वय वीस, फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झालेले. आजचं आयुष्य मागे ठेवून इथे आला आहात. पुढच्या सव्वाशे वर्षांत काय काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यातलं अवाक्षर कुणापाशी काढायचं नाही, एवढीच अट. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती तुमच्याच कॉलेजातल्या रघुनाथ परांजप्यांना मिळाली. दापोलीजवळच्या मुर्डीचे, गणितात कुणाला हार न जाणारे. तुम्हाला कुणी काही दिलेलं नाही. तुमच्या मामांनी कलमांची बाग गहाण टाकली आहे. हात आखडून राहिलं तरी केंब्रिजमध्ये वर्षाला दीडशे पौंड लागतात. रुपया इतका घसरलाय की एका पौंडाला सोळा रुपयांच्या वर मोजावे लागतात, म्हणजे वर्षाचे झाले अडीच हजार. तुम्हाला शिकवणाऱ्यांचा, अगदी गोपाळराव गोखल्यांचाही, पगार महिना ७५ रुपये. मामांना हिशेब येतो. म्हणून ते सध्या तुमच्याशी फारसं बोलत नाहीत.

तर, निवड. इथेच पहिला गोंधळ उडतो. तुम्हाला माहीत असलेली युनिव्हर्सिटी म्हणजे मुंबईची: परीक्षा घेते, निकाल लावते, संपलं. केंब्रिजला युनिव्हर्सिटीच्या दारात जाऊन ‘मला घ्या’ म्हणता येत नाही. आधी एखाद्या कॉलेजने तुम्हाला घरात घ्यायचं, मग युनिव्हर्सिटी तुमचं नाव वहीत लिहिणार. पदवी युनिव्हर्सिटीची, खोली, जेवण, दिवाबत्ती, पालक म्हणून नेमलेला ट्यूटर आणि दंड हे सगळं कॉलेजचं. कुठल्याही कॉलेजात गेलात तरी विषय तोच, परीक्षा तीच, प्रश्नपत्रिकाही तीच. फरक एवढाच की तीन वर्षं रोज रात्री कुणाच्या शेजारी बसून जेवायचं.

एकेक नाव घेऊन बघू. ट्रिनिटी सगळ्यात मोठं, न्यूटनचं, आणि खर्चिक. रणजितसिंहजी तिथले, पण त्यांच्यामागे संस्थानाचं नाव होतं, तुमच्यामागे गहाण पडलेली कलमं आहेत. किंग्ज गेल्या पिढीपर्यंत फक्त ईटन शाळेच्या मुलांचं होतं. अरविंद घोष नावाचे एक बंगाली गृहस्थ तिथे शिकून आले आणि सध्या बडोद्याच्या नोकरीत आहेत. त्यांचं पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत आहे, पण अट आठवा. क्राइस्ट्स हे बंगाल्यांचं ओळखीचं घर. १८७४ साली आनंदमोहन बोस तिथूनच रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले, हिंदी माणसांतले पहिले, आणि जगदीशचंद्र बोसही तिथलेच. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे कॉलेज घ्यायचंच नाही. १८६९ पासून युनिव्हर्सिटीने बिनकॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सोय केली आहे. गावात परवानाधारक घरमालकिणीकडे खोली घ्यायची आणि फिट्झविल्यम हॉल नावाच्या घरात हजेरी लावायची. पैसे निम्म्यावर येतात, पण ज्या घरगुतीपणासाठी लोक केंब्रिजला जातात तोही तिथे निम्माच. (जयंत नारळीकर १९५७ साली ह्याच फिट्झविल्यममध्ये येणार आहेत आणि त्यांचं काही अडणार नाही. पण तेव्हाचं फिट्झविल्यम वेगळं, आणि नारळीकरही वेगळे.)

वाचणारी मुलगी असेल, तर तिच्यापुढे ही यादी येतच नाही. केंब्रिजमध्ये मुलींसाठी दोनच जागा: गावाबाहेर दोन-अडीच मैलांवर गर्टन आणि जवळ न्यूनहॅम. लेक्चरला बसायचं ते प्राध्यापकाच्या मर्जीने. परीक्षा देता येते, निकाल वाचला जातो, पदवी मिळत नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पदवी त्यांच्या हातात पडायला १९२२ उजाडणार आहे. म्हणून ह्या सफरीपुरतं मुलींनी मामांचा भाचा व्हावं. माझा नाइलाज आहे.

राहता राहिलं सेंट जॉन्स. ट्रिनिटीच्या भिंतीला भिंत लावून, तेवढं श्रीमंत नाही, पण गणिताचा दबदबा जुना. नेपच्यूनचं स्थान कागदावर काढून दाखवणारे ॲडम्स इथे शिकले, आणि ट्रायपॉसची, म्हणजे इथल्या पदवी परीक्षेची, तयारी करून घेण्यात ज्यांचा हात सध्या कुणी धरत नाही ते वेब इथलेच फेलो. परांजपेही तिथेच चालले आहेत. घरी पटवायला हे शेवटचं कारण पुरतं. पत्र धाडा, प्रशस्तिपत्रकं जोडा, आणि अनामत रक्कम बाजूला काढून ठेवा; इंग्रज माणूस आधी पैसे ठेवून घेतो आणि मग ‘आपलं स्वागत आहे’ म्हणतो.

प्रवास झटपट आटपू, कारण बोट लागणं कुणालाच चुकलेलं नाही. निघण्याआधीच्या दिवसांत मुंबईच्या मांडवी भागात माणसं पटापट मरू लागली आहेत. २३ सप्टेंबरला डॉक्टर व्हिएगस ह्या गोव्याच्या माणसाने हा प्लेग आहे असं ओळखलं. बंदरावर सगळे एकमेकांच्या काखेकडे संशयाने बघत आहेत. मामींना मात्र काळजी वेगळीच. पंचहौद मिशनमध्ये चहा प्याला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालं, त्याला अजून फार वर्षं झाली नाहीत, आणि भाचा तर समुद्र ओलांडून निघालाय. ‘आल्यावर प्रायश्चित्ताचं बघू,’ असं म्हणत त्यांनी ट्रंकेत पितळी तांब्या घातला. त्यांची दूरदृष्टी तुम्हाला दुसऱ्याच दिवशी बोटीवर कळते.

केंब्रिजचं स्टेशन गावापासून मैलभर लांब आहे. घोड्यांच्या ट्राममधून गावात या, तिथून पेटी उचलून चालत. सेंट जॉन्सचा मोठा दरवाजा विटांचा. वर दोन चमत्कारिक जनावरं कोरलेली आहेत, अंग हरणाचं, तोंड बकऱ्याचं, शेपटी हत्तीची. लेडी मार्गारेट ब्यूफर्ट ह्या बाईंची ती खूण. सातव्या हेन्री राजाची ही आई. तिच्या मागे राहिलेल्या पैशातून १५११ साली हे कॉलेज उभं राहिलं. दरवाजातला पोर्टर उंच टोपी घातलेला, त्याला तुमचं नाव उच्चारता येत नाही आणि तसा प्रयत्नही तो करत नाही. एका चौकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मग नदीवरच्या झाकलेल्या दगडी पुलावरून पलीकडच्या नव्या चौकात. नवा म्हणजे १८३१ चा. इथे खोल्यांना ओळीने नंबर नसतात, जिन्यांना अक्षरं असतात. जिन्याच्या तळाशी काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात राहणाऱ्यांची नावं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोल्या सगळ्यात स्वस्त, म्हणून तुमचं नाव सगळ्यात वर. स्पेलिंग चुकलेलं आहे. राहू द्या.

वर चढल्यावर दोन दारं दिसतात, एकामागे एक. बाहेरचं जाड ओकचं दार बंद असलं की आतल्याला कुणी भेटायला नको आहे असं समजायचं, मग तो आत असो वा नसो. ही सोय मला फार आवडते. आपल्याकडच्या होस्टेलांत रात्री बाराला ‘अरे, मीठ आहे का?’ म्हणत आत येणाऱ्यांवर तिचा प्रयोग व्हायला हवा होता.

आत बसायची खोली, तिला लागून बिछान्यापुरती खोली, आणि भांडी ठेवायला एक कोनाडा. टेबल-खुर्च्या आधीच्या विद्यार्थ्याच्या. त्यांची किंमत ठरवून ती तुमच्या बिलात चढलेली आहे. सकाळी सातला बेडमेकर बाई येतात. कॉलेजात पाऊल टाकू शकणाऱ्या बायका ह्याच, आणि त्या वयस्क असतील ह्याची काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली आहे. बाई गुडघ्यांवर बसतात, शेगडीतली कालची राख पत्र्यात भरतात, वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर लाकडाच्या काटक्या, त्यावर कोळसा रचतात. मग वर्तमानपत्राचं एक पूर्ण पान शेगडीच्या तोंडावर ताणून धरतात. मागे हवेचा घुमणारा आवाज, पानाच्या मध्यभागी तांबूस डाग पडायला लागतो, आणि तो काळा व्हायच्या क्षणी बाई पान ओढून घेतात. तुम्ही हे करायला जाल आणि पान पेटवाल. दोनदा पेटवाल. बाई काही बोलणार नाहीत, पण तिसऱ्या दिवसापासून तुम्ही उठायच्या आत विस्तव तयार असेल.

आंघोळीचं सांगितलं पाहिजे. न्हाणीघर नाही. पलंगाखाली एक पसरट पत्र्याचा टब आहे, तो शेगडीपुढे ओढायचा आणि बाईंनी तीन मजले चढून आणलेल्या घागरभर पाण्यात काय ते उरकायचं. कोकणातल्या माणसाला, ज्याला बंबातलं पाणी संपेपर्यंत अंगावर ओतायची सवय, हे पाणी पायांपर्यंत पोहोचतच नाही. शेजारचा इंग्रज तेवढ्याच पाण्यात, तेही थंड, गाणी म्हणत न्हातो. त्याला तुमच्याबद्दल वाटतं की हिंदी लोकांना पाण्याचं वेड आहे. तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं ते मामींना लिहू नका.

पण खरी परीक्षा संध्याकाळी. हॉलमधलं जेवण. आठवड्यातले बहुतेक दिवस ते घ्यावंच लागतं, आणि घेतलं नाही तरी पैसे लागतात. काळा गाऊन अंगावर चढवा. शेजारच्या ट्रिनिटीचा निळा असतो, आपला काळा, बाह्यांवर मखमलीच्या पट्ट्या. लांबच लांब टेबलं, लांबच लांब बाकं, आणि मध्ये जागा मिळाली तर बाकावरून पाय टाकून आत उतरायचं. सगळे उभे राहतात, कुणीतरी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणतो, सगळे बसतात, आणि मग वाढपी येतो. काय वाढतोय हे तो सांगत नाही. लाल रस सुटलेला तुकडा ताटलीत पडायच्या आत हात आडवा करा. मटण आहे की आणखी काही, हे विचारायचं धाडस पहिल्या आठवड्यात होत नाही. उकडलेला बटाटा घ्या. उकडलेला कोबी घ्या. तो इतका उकडलेला असतो की जात, धर्म, चव काहीच उरलेलं नसतं. पाव, लोणी, चीज, शेवटी पुडिंग. पैसे मटणाचे, पोटात बटाटा. दीडशे पौंडांतला बराचसा भाग तुम्ही न खाल्लेल्या मटणावर खर्च होणार आहे.

समोरचा पहिल्या वर्षाचा मुलगा तुमच्याकडे बराच वेळ बघतो आणि शेवटी विचारतो, ‘तुम्ही क्रिकेट खेळता?’ दोष त्याचा नाही. जुलैत मँचेस्टरला रणजितसिंहजींनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ काढले, आणि तो अख्खा हंगाम २७८० धावांनी संपवला. ह्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या प्रत्येक हिंदी माणसाला हा प्रश्न आहे. ‘खेळतो’ म्हटलंत तर उद्या मैदानावर नेतील, ‘नाही’ म्हटलंत तर संभाषण संपलं. ‘थोडंसं’ म्हणा. बोलण्याला तेवढी फट ठेवावी.

आता मान वर करून नीट बघा. हॉलच्या टोकाला दीड वीत उंच ओटा, त्यावर आडवं टेबल. तिथे मास्तर आणि फेलो बसतात. त्यांची वाइन वेगळी, जेवण वेगळं, खुर्च्यांना पाठी आहेत. खाली आपण. म्हणजे ही पंगतच आहे: कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं, मानाचं पान वर, वाढणाऱ्याचा हात कुठे सैल आणि कुठे आखडता तेही ठरलेलं. भिंतीवर वर्ड्‌स्वर्थ कवीचं चित्र आहे. तो इथलाच, आणि इथला सायझर, म्हणजे फी माफ असलेला गरीब विद्यार्थी. एके काळी सायझरांच्या वाट्याला फेलोंच्या टेबलावरचं उरलेलं यायचं. पुण्यात वार लावून जेवणारे, माधुकरी मागून शिकलेले कितीतरी जण तुमच्या वर्गात होते. त्यांना हे चित्र दाखवायला हवं.

फरकही आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. फर्ग्युसनला असताना तुमच्या खाणावळीत सोवळ्याच्या पंगतीत दुसऱ्या जातीचा मुलगा बसलेला तुम्ही कधी पाहिला नाहीत. तो कुठे जेवतो हा प्रश्नही तुम्हाला पडला नव्हता. इथे तुमच्या उजवीकडे पाद्र्याचा मुलगा आहे, डावीकडे यॉर्कशरच्या कापडवाल्याचा, आणि मिठाची वाटी तिघांत फिरते. जेवणाची सोय नाही म्हणून किती पोरं शाळा सोडतात हे कोल्हापुरात शाहू महाराजांना दिसतंय. १९०१ साली ते व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढतील, मग एकामागून एका समाजासाठी अशी वसतिगृहं निघतील. शिक्षणाआधी ताट, हे त्यांना केंब्रिजच्या आणि पुण्याच्या पंडितांपेक्षा लवकर कळलं.

पुढचे काही आठवडे नियम शिकण्यात जातात. छापील नियम सोपे: अंधार पडल्यावर रस्त्यात टोपी-गाऊनशिवाय फिरायचं नाही. फिरलात आणि प्रॉक्टर भेटला, म्हणजे गळ्याला पांढऱ्या पट्ट्या लावून शिस्त बघत हिंडणारा मास्तर, तर सहा शिलिंग आठ पेन्स दंड. पळालात तर त्याच्यामागचे उंच टोप्यांतले दोन धट्टेकट्टे नोकर, ज्यांना पोरं बुलडॉग म्हणतात, ते तुमच्यापेक्षा जोरात पळतात. रात्री दहाला दरवाजा बंद. त्यानंतर आलात तर वहीत नाव, मध्यरात्रीनंतर आलात तर ट्यूटरसमोर उभं राहणं. सत्रातल्या ठरावीक रात्री कॉलेजात झोपलात तरच ते सत्र तुमच्या नावावर जमा होतं. बी.ए.ला अशी नऊ सत्रं. लेक्चर बुडवलं तर फारसं कुणी विचारत नाही, झोप बुडवली तर पदवी अडते. निवासी विद्यापीठ म्हणजे काय, ते ह्या एका नियमात आहे.

न छापलेले नियम जास्त अवघड. वरच्या वर्गातला मुलगा तुमच्या खोलीवर येऊन कार्ड ठेवून जातो. ही भेट परत करायची असते, आणि नुसतं कार्ड टाकून चालत नाही, तो घरात सापडेपर्यंत जात राहायचं. आपण होऊन त्याच्याकडे आधी जायचं नाही. आणि गाऊनवर छत्री धरायची नाही. का, ते कुणी सांगत नाही. छत्रीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या कोकणी माणसाला बारीक पावसात भिजत, काखेत मिटलेली छत्रीसुद्धा न ठेवता चालायला लावणं हा मला त्यातल्या त्यात क्रूर नियम वाटतो.

नोव्हेंबरात दुपारी चारला दिवे लागतात. शेजारच्या ट्रिनिटीचं घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं, एकदा खालच्या स्वरात, एकदा वरच्या. झोप न लागणाऱ्याला अकरा दोनदा ऐकावे लागतात, बारा दोनदा. घरची डाक दर आठवड्याला येते आणि तीत पंधरा-सोळा दिवसांपूर्वीचं जग असतं. सगळं लिहून झाल्यावर मामा खाली एक ओळ घालतात: अभ्यास कसा चालू आहे?

अभ्यास क्लासमध्ये चालू आहे. हे ऐकून लातूरकर हसतील, पण खरं आहे. कॉलेजची लेक्चरं आहेत, लार्मर यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ तुमच्याच कॉलेजात आहे. तरी ज्याला ट्रायपॉसमध्ये वर यायचंय तो पैसे भरून खाजगी कोचकडे जातो. गणितं ठरलेली, युक्त्या ठरलेल्या, घड्याळ लावून सोडवायचा सराव. क्लासची प्रथा आपल्याकडे सुरू झाली अशी समजूत असेल तर ती काढून टाका. आणि गावाच्या दुसऱ्या बाजूला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा माग काढत आहेत. १८९७ च्या एप्रिलअखेर ते लंडनला जाऊन तो जाहीर करतील. तुमच्या कोचच्या यादीत ते नाही. परीक्षेला येणार नाही.

दुपारी दोन ते चार मात्र कुणी अभ्यास करत नाही. नदीवर किंवा मैदानावर. कॅम नदी इतकी अरुंद की दोन होड्या शेजारी-शेजारी शर्यत लावूच शकत नाहीत. म्हणून एकामागे एक सोडतात आणि मागचीने पुढचीला धडक द्यायची. सेंट जॉन्सचे वल्हेकरी लालभडक कोटांत. होडी तुम्हाला जमत नाही. तुम्ही नदीकाठाने ग्रँटचेस्टरपर्यंत चालत जाता. गणितवाल्यांचा व्यायाम तोच मानला जातो. कधी हिंदी विद्यार्थ्यांच्या मजलिसमध्ये जाऊन बसता. १८९१ साली निघालेलं हे मंडळ. वाद इंग्रजीत होतात, भांडण झालं की मातृभाषेत.

१८९७, मे महिन्याची २१ तारीख, शुक्रवार. मुलींना पदवी द्यायची की नाही ह्यावर आज मतदान. मत फक्त एम.ए. झालेल्यांना, ते लंडनहून गाड्या भरभरून आले आहेत. तुम्हाला मत नाही, पण रस्ता मोकळा आहे. सेनेट हाउससमोर इतकी गर्दी की पाय उचलला तर परत टेकवायला जागा नाही. समोरच्या दुकानाच्या खिडकीतून एक पुतळा टांगलाय: निळा ढगळ पायजमा घातलेली बाई, सायकलवर बसलेली. फटाके फुटत आहेत. पीठ आणि अंडी वरून पडत आहेत. तुमच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर एक फुटलं. हॉलमध्ये समोर बसणारा तो क्रिकेटवाला गर्दीतून तुमच्यापाशी येतो, हसतो, तुमच्या गळ्यात हात टाकतो आणि पिठाची एक पुडी हातात कोंबतो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणी तुम्हाला आपल्यातलं मानलंय.

हुजूरपागेतल्या मुलींच्या शाळेवर पुण्याच्या वर्तमानपत्रांत काय काय लिहून आलं होतं ते तुम्ही लहानपणी वाचलेलं आहे. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडकरांनी धोंडो केशव कर्व्यांना वाळीत टाकलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, आपले लोक मागासलेले. विलायतेत असं नसेल. एका बाईच्या पैशावर उभ्या असलेल्या कॉलेजात तुम्ही राहता, आणि ती पुडी तुमच्या हातात आहे. ती फेकायची की खिशात घालायची हे मी सांगणार नाही. प्रवास तुमचा आहे.

निकाल: विरोधात दीड हजारांहून जास्त, बाजूने सातशेच्या आत. पुतळा खाली ओढून जमाव न्यूनहॅमच्या फाटकापर्यंत गेला. रात्री बाजारचौकात होळी पेटली.

सुट्टीत इंग्रज मुलं घरी जातात, गणितवाले थोडे मागे राहतात. त्या शांततेत जूनच्या अखेरीस बातमी येते: राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याच्या समारंभाच्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या तपासणीत गोरे सोजीर घरात कुठवर शिरत होते हे तुम्ही मामांच्या पत्रांत वाचलं होतं. इथल्या पेपरांत ते नव्हतं. जुलैच्या शेवटी टिळकांना अटक. हॉलमध्ये आता मोजकीच माणसं. ‘तुम्ही पुण्याचे ना?’ एक जण विचारतो, आणि क्रिकेटचं काही विचारत नाही. मिठाची वाटी तो पुढे सरकवतो. तुमच्या हातात देत नाही, टेबलावर ठेवतो.

आणि १८९९ चा जून. सकाळी सेनेट हाउसमध्ये नावं वाचतात. पहिल्या जागेवर दोघं बरोबरीत: पेम्ब्रोकचे बर्टविसल आणि सेंट जॉन्सचे परांजपे. सीनिअर रँग्लर. छत उडेल असा आवाज, टोप्या वर, आणि तुम्ही मराठीत ओरडता, जे तीन वर्षांत कॉलेजच्या चार भिंतींबाहेर कधी केलं नव्हतं. रँग्लरांची यादी संपते. तुमचं नाव नाही. मग दुसरा वर्ग, त्याला म्हणतात सीनिअर ऑप्टिमे, त्याच्या मध्यावर कुठेतरी तुम्ही. घरी तार करताना ‘सीनिअर’ हा शब्द आधी घाला. बागेचं व्याज भरणाऱ्याला तेवढा आनंद द्यायला हरकत नाही.

इथून परत या. पुढचं वर्तमानातूनच सांगता येतं. परांजपे १९०१ साली सेंट जॉन्सचे फेलो झाले, म्हणजे ओट्यावरच्या टेबलाचे मानकरी; आणि १९०२ साली सगळं सोडून, आधी कबूल केल्याप्रमाणे, फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून ७५ रुपयांच्या आजीव सभासदांत येऊन बसले. त्यांची मुलगी शकुंतला गणित शिकायला केंब्रिजलाच गेली. न्यूनहॅममध्ये राहून १९२९ साली ट्रायपॉस झाली. तोवर मुलींना पदवीचं नाव लावायची परवानगी होती, पण युनिव्हर्सिटीचं सभासदत्व नव्हतं, मतही नव्हतं. ते १९४८ साली मिळालं, तेव्हा शकुंतलाबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. तुम्ही सगळी यादी बघून निवडलेल्या सेंट जॉन्सने मुलींना विद्यार्थी म्हणून घेतलं ते १९८१ साली.